भिकन मास्टर आडवे होतात

भिकन मास्टरांनी एके दिवशी ठरवलं की आता बस्स झालं, यापुढे बायकोच्या स्कूटीवर मागे बसून कारखान्यात जायचं नाही. ठरवलं ते अर्थात मनातल्या मनात. मोठ्याने ठरवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. (ती सवलत फक्त सरलाबाईंना होती आणि त्या तिचा पुरेपूर उपभोग घेत.)

भिकन बोरसे हे कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात मास्टर. मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत. लूम बंद पडला की तो चालू करायचा आणि कारागिराचं तोंड चालू झालं की ते बंद करायचं, असं दुहेरी काम. अमळनेरहून सुरतेला आले तेव्हापासून ते डिंडोलीतल्या घरून कारखान्यात सायकलनेच जात. शेजाऱ्यांनी मोटरसायकली घेतल्या, कारागीर रिक्षांत कोंबून जाऊ लागले, पण मास्टरांची सायकल काही सुटली नाही. कारखान्यात त्यांचा जो काही दरारा होता, त्यातला निम्मा त्या सायकलचा होता. कमरेत न वाकता, मान ताठ ठेवून ते गेटातून आत शिरले की तंबाखू मळणारे हात आपोआप खिशात जात.

मग त्याच ताठ कमरेतली गादी सरकली.

"काका, सायकल बंध," डॉक्टर म्हणाले.

"एकदम?"

"एकदम."

मास्टरांचा चेहरा इतका पडला की डॉक्टरांनाच वाईट वाटलं. माणूस स्वभावाने गमत्या. म्हणाले, "हा, सूतां सूतां चाले एवी सायकल होय तो वांधो नथी." निजून चालवता येईल अशी सायकल असली तर हरकत नाही म्हणे! डॉक्टर स्वतःच हसले, कंपाउंडर हसला, सरलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मास्टर हसले नाहीत. गोळ्या कधी घ्यायच्या हे ते दाराबाहेर पडायच्या आत विसरले, पण हे वाक्य त्यांनी नीट लक्षात ठेवलं.

तेव्हापासून त्यांना न्यायची-आणायची जबाबदारी सरलाबाईंनी उचलली. त्या घरी साड्यांना लेस लावायचं काम करत आणि तयार साड्या व्यापाऱ्याकडे पोचवता याव्यात म्हणून स्कूटी शिकल्या होत्या. स्कूटीवर पुढे सरलाबाई, मध्ये साड्यांचं गाठोडं आणि गाठोड्यामागे, उरेल तेवढ्या जागेत मावतील तेवढे, भिकन मास्टर. समोरून बघणाऱ्याला ते दिसतच नसत. कारखान्याच्या गेटशी गाडी थांबली की सरलाबाई आधी गाठोडं चाचपून बघत, मग नवऱ्याकडे वळत आणि लूमच्या खडखडाटावर मात करील अशा आवाजात सांगत, "डबा टाइमवर खाई ल्या! आनि घामेघूम पंखाखाल बठू नका!"

हे वाक्य बघता बघता सगळ्या कारखान्याला पाठ झालं. खानदेशी कारागिरांना कळलंच, पण ओडिया आणि बिहारी कारागिरांनीही त्याचा अर्थ विचारून घेतला. एकदा तुटक्या धाग्यावरून मास्टर एकाला झापत होते. आवाज नुकता चढत होता, तेवढ्यात मागून कोणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं, "मास्टरजी, पसीने में पंखे के नीचे मत बैठना." ज्याला झापत होते तोसुद्धा हसला. मास्टरांनी मनातल्या मनात निर्णय घेतला तो त्या दिवशी.

घरी येऊन त्यांनी मुलाला, चेतनला, विचारलं. चेतन मित्रांशी हिंदीत बोले, फोनवर गुजरातीत, आईशी अहिराणीत आणि बापाशी शक्यतो बोलतच नसे. पण निजून चालवायची सायकल म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. त्याने मोबाइल पुढे केला. "पप्पा, आ जुओ. बाहेरच्या देशात चालते. अशीच, झोपून."

मोबाइलवर एक गोरा म्हातारा पाय पुढे पसरून, पाठ मागे टेकून, दुपारच्या जेवणानंतर पडावं तसा पडला होता, आणि त्या अवस्थेत डोंगर उतरत होता. मास्टरांनी तो म्हातारा पुन्हा पुन्हा पाहिला. त्याच्या मागे बायको कुठे दिसत नव्हती.

आता अशी सायकल सुरतेत मिळायची कुठे? पण सुरतेत काय मिळत नाही! इच्छापोरला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सुकलाल नावाचा मास्टरांचा गाववाला वेल्डर होता. अमेरिकेहून आलेल्या कोणा शेठने त्यांच्या शेडमध्ये या आडव्या सायकलींचे नमुने बनवून घेतले होते. धंदा करायचा त्याचा विचार होता. नमुने तयार झाले आणि विचार बदलला. शेठ विमानाने परत गेला, सायकली कोपऱ्यात पडून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना लागत. सुकलालचा मालक त्यांना इतका कंटाळला होता की गाववाल्याला हव्यात म्हटल्यावर त्याने टेम्पोसुद्धा स्वतःचा दिला.

"भिकनदा, चारी प्रकारन्या आन्यात," टेम्पोतून उतरत सुकलाल म्हणाला. "चालाई दखा. जी जमी ती ठेवा. बाकीन्या परत करा. नही कर्‍यात तरी चाली."

घरासमोर चार सायकली ओळीने लागल्या. एक आखूड, दोन चाकांची, पायडल पार पुढच्या चाकाच्याही पुढे. एक लांब, तीही दोनच चाकांची. तिची दोन चाकं शेजारच्या दोन घरांसमोर आली. तिसरीला मागे दोन चाकं आणि पुढे एक. चौथीला पुढे दोन, मागे एक, आणि ती जमिनीला इतकी लागून की आधी ती मोडूनच आली असं सगळ्यांना वाटलं. सरलाबाई हातातली सुई-लेस घेऊन बाहेर आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"इतल्या खाटा कशाले आन्यात?"

"खाटा नाहीत, सायकली आहेत," मास्टर म्हणाले. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते पुस्तकी मराठीवर येत. "मी आता स्वतःच्या पायांनी कारखान्यात जाणार."

"झोपीसन?"

"झोपून."

सरलाबाईंनी सुई पदराला खोचली. "बरं. चालावा. पन एक बी जमनी नही, ते गुपचूप मना मांगे बठानं. मंग कुरकुर आयकावनार नही."

मास्टरांनी सगळ्या गल्लीदेखत मान डोलावली. आता माघार नव्हती.

आखूड सायकल त्यांनी पहिली घेतली, कारण ती त्यातल्या त्यात सायकलीसारखी दिसत होती. पाठ टेकली, एक पाय पुढच्या पायडलवर ठेवला. अडचण दुसऱ्या पायाची होती. तो उचलल्याशिवाय सायकल चालेना, आणि सायकल चालल्याशिवाय तो उचलता येईना. मास्टरांनी धीर करून उचलला. सायकलने जागच्या जागी थोडा विचार केला आणि ती डावीकडे आडवी झाली. पुन्हा बसले, पुन्हा डावीकडे. पडायची उंची इतकी कमी होती की लागत काहीच नव्हतं, नुसतं दिसत होतं. शेवटी चेतनने घरातली गादी आणून डाव्या बाजूला घातली. मग ते उजवीकडे पडले.

दुसरी, लांब. हिने मात्र मास्टरांची लाज राखली. चेतनने मागून धक्का दिला आणि सायकल तीरासारखी सरळ निघाली. गल्लीतली पोरं ओरडली. मास्टरांनी पाठ टेकली, हात लांबवले, आकाश पाहिलं. कमरेला इतकं बरं वाटत होतं की ते स्वतःशीच हसले. फक्त गल्ली जिथे संपते तिथे वळायचं होतं. त्यांनी हँडल वळवलं. पुढचं चाक वळलं. पण ही बातमी मागच्या चाकापर्यंत पोचायला वेळ लागला. वळणावरच्या घरातल्या पुष्पाबाईंनी खाटेवर ज्वारीचे बिबडे म्हणजे पापड वाळत घातले होते आणि वाकून त्या ते उलटत होत्या. त्यांना खाटेखाली आधी एक चाक जाताना दिसलं, मग बराच वेळ नुसती सायकल, मग दोन चपला, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी भिकन मास्टर. ते छातीपर्यंत खाटेखाली गेल्यावर गाडी थांबली.

"भिकनभाऊ?" पुष्पाबाईंनी वाकून विचारलं.

अशा वेळी माणसाने काय बोलावं? मास्टर म्हणाले, "काही नाही वहिनी. बिबडे झाले का वाळून?"

त्यांना खाटेखालून ओढून काढलं, तेव्हा ते कमरेवर हात ठेवून वाकडे उभे राहिले. पुष्पाबाईंनी ते नीट पाहून घेतलं. बिबड्यांचं नुकसान त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं, पण पाहिलेलं विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तिसऱ्या सायकलीला मागे दोन चाकं. पडायचा प्रश्नच नाही. बसायला पाठीसकट ऐसपैस खुर्ची, दांडे दोन्ही बाजूंना, हात मांडीशी. बसल्यासारखं निजायचं किंवा निजल्यासारखं बसायचं. मास्टर गल्लीतून वळले, परत आले, पुन्हा वळले. पुढच्या संध्याकाळी तर ते थेट डिंडोलीच्या मोठ्या रस्त्यावर गेले, आणि तिथे त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता असा मान मिळाला. रिक्षावाले थांबून वाट देत होते. चौकातल्या पोलिसाने दोन्हीकडची वाहनं अडवून, हाताने 'या, सावकाश या' अशी खूण केली. हातगाडीवर फळं विकणाऱ्या एका लारीवाल्याने हातात दोन चिकू ठेवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. एक बाई तर नमस्कार करून पुटपुटत पुढे गेली. मास्टरांनी प्रत्येकाला हसून मान लववली. इतकी वर्षं सुरतेत सायकल चालवली, कोणी कधी शिवी दिल्याशिवाय पुढे गेलं नव्हतं. सायकल चांगली असली की माणसंही चांगली वागतात, असा निष्कर्ष काढून ते चिकू खात घरी आले.

"हीच ठेवायची," त्यांनी जाहीर केलं. मोठ्याने!

सकाळी दार वाजलं. मास्टरांची थोरली बहीण शोभाबाई अमळनेरहून आली होती, सोबत दोन चुलत दीर, एक मावसभाऊ आणि त्याची बायको. प्रत्येकाच्या हातात केळी आणि बिस्किटाचे पुडे होते. शोभाबाईंच्या हातातली कापडी पिशवी मात्र आतून हलत होती.

खानदेशातल्या माणसाला कोणी आजारी असल्याचं कळलं की तो बघायला जातोच. आजार काय आहे ते जाऊन विचारायचं असतं, जाण्याआधी नाही. आणि जो गेला नाही, त्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं. इथे तर बातमी पक्की होती. पुष्पाबाईंनी मास्टरांना तीन चाकांच्या गाडीत, हात मांडीशी टाकून जाताना पाहिलं, खाटेखालचा प्रसंग त्याला जोडला आणि अमळनेरला शोभाबाईंना फोन केला: भिकनभाऊंना लकवा झाला. अर्धं अंग गेलं. बिचारे तरी हसत होते.

"मना भाऊ वं!" शोभाबाईंनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला.

"ताई, मला काही झालं नाही," मास्टर म्हणाले आणि पुरावा म्हणून ताडकन उभे राहिले.

"धरा रे त्याले! पडी जाई!"

दोन्ही चुलत दिरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. मास्टरांनी हात हलवून दाखवले, तर मावसभाऊ म्हणाला की हात राहतो कधीकधी, जीभ बघा. जीभ दाखवली. ती सरळ आहे की किंचित डावीकडे, यावर मतभेद झाले. मास्टर इतके संतापले की त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना.

"दख," शोभाबाई डोळे पुसत भावजयीला म्हणाल्या, "बोलानं बी जड जाई ऱ्हायनं."

मग त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं. आतून एक जिवंत कबुतर निघालं. लकव्यावर कबुतराचा उतारा असतो म्हणे. त्याचं पुढे काय करायचं यावर पाहुण्यांमध्ये पुन्हा मतभेद होते. कबुतराला मतभेदांत रस नव्हता. ते उडून बाहेर गेलं आणि तीनचाकी सायकलीच्या खुर्चीत जाऊन बसलं.

"ताई, यास्ले लकवा नही," सरलाबाई इतक्या वेळाने म्हणाल्या. (त्या आधीही बोलू शकल्या असत्या. पण केळी ठेवायला टोपली शोधत होत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं.) "ती सायकल शे."

"सायकलले तीन चाकं?"

"हा."

"आनि झोपीसन चालावस?"

"हा."

शोभाबाईंनी थोडा वेळ विचार केला. लकवा नाही हे त्यांना पटलं, पण एवढं भाडं खर्चून आल्यावर रिकाम्या हाताने परत जाणं त्यांना पटेना. त्यांनी निकाल दिला: "मंग ती गाडी पह्यले परत धाड. मानसे पाहीसन रडतस. आते सरलाच तुले न्हेई आनि सरलाच आनी."

सरलाबाईंनी दारातल्या स्कूटीकडे पाहिलं आणि सीटवरची धूळ पदराने पुसली.

पाहुण्यांनी धरलेल्या अवस्थेत भिकन मास्टरांच्या डोळ्यांपुढून ते गाठोडं, ते गेट आणि तो पंखा जाऊ लागला. दोन चाकं घेतली तर ते पडत होते आणि तीन घेतली तर सोयरे रडत होते. चार चाकांची घेण्याची ऐपत नव्हती. राहिली होती ती शेवटची, जमिनीला चिकटलेली.

"पप्पा, आ तो रेसिंगवाळी छे," चेतन हळूच म्हणाला. "हिच्यात कोणी आजारी नाही वाटत. उलट जरा वेडे वाटतात."

मास्टरांना वेडं वाटणं चालण्यासारखं होतं.

ती सायकल खरोखरच देखणी निघाली. पुढे दोन चाकं, मध्ये झोळीसारखी सीट, पाय समोर. पडायला जागाच नाही, कारण माणूस आधीच खाली असतो. पाहुण्यांनी त्यांना उचलून आत ठेवलं, गल्लीभर फिरवून आणलं, परत उचलून बाहेर काढलं. शोभाबाईंनीही मान डोलावली. हे काहीतरी खेळण्याचं दिसतंय, म्हणाल्या, आजारपणाचं दिसत नाही. फक्त गल्लीतली कुत्री मास्टरांच्या नाकाला नाक लावून बघत होती, आणि एका टेम्पोवाल्याने ते दिसलेच नाहीत म्हणून शपथेवर सांगितलं.

"यास्ले कोनी दखाऊच नही," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी मागे एक बांबू बांधला, त्याला लाल साडीचा तुकडा लावला, आणि तुकडा नुसता बरा दिसत नाही म्हणून त्याच्या कडेने सोनेरी लेस लावली. "आनि मी मांगे स्कूटीवर येसू. हॉर्न वाजाडत. नही ते जावानं नही."

मास्टरांनी हिशेब केला. मागे येणं वेगळं आणि मागे बसणं वेगळं. यात ते पुढे होते. स्वतःच्या पायांनी होते. ते कबूल झाले.

सोमवारी सकाळी डिंडोलीहून कडोदऱ्याकडे ती वरात निघाली. पुढे जमिनीलगत भिकन मास्टर, त्यांच्या डोक्यावर सोनेरी काठाचा झेंडा, मागे गाठोडं घेतलेल्या सरलाबाई, अखंड हॉर्न. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरने वाट दिली. लोकांनी मोबाइल काढले. कोणी रडलं नाही, कोणी चिकू दिला नाही. कोणत्या पक्षाची रॅली आहे, एवढंच एकाने विचारलं. मास्टरांचे पाय भरून आले, छाती धपापू लागली, पण कंबर, खरं सांगायचं तर, कंबर सुखात होती. इतक्या महिन्यांनी अंगाला सकाळचा वारा लागत होता आणि तो साड्यांच्या गाठोड्यातून गाळून येत नव्हता. मास्टरांचे डोळे ओलावले. उन्हाने असेल.

कारखान्याशी पोचले तेव्हा रात्रपाळी सुटत होती आणि दिवसपाळी आत शिरत होती. म्हणजे दोन्ही पाळ्यांचे सगळे कारागीर गेटवर. वॉचमन लक्ष्मणने गेटचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. हे तो फक्त शेठच्या गाडीसाठी करत असे. मास्टर सुळकन आत आले, ब्रेक दाबला आणि मधोमध थांबले. ओडिया कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली. "मास्टरजी, गज्जब!" ज्याला तुटक्या धाग्यावरून झापलं होतं तो पुढे आला आणि त्याने झोळीच्या सीटला आदराने हात लावून पाहिला. भिकन मास्टरांनी सगळ्यांकडे खालून वर, पण वरून खाली बघावं तसं पाहिलं.

"चला, कामाला लागा," ते म्हणाले. आवाज जुना लागला. दोघातिघांचे हात खिशात गेले.

आणि मास्टर उठायला गेले.

घरी उतरताना त्यांना कधी त्रास झाला नव्हता, कारण घरी त्यांना दर वेळी पाच पाहुणे उचलत होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय लांब करून पडलेल्या, कमरेतली गादी सरकलेल्या माणसाने एकट्याने उभं कसं राहायचं, हे चारपैकी एकाही सायकलीने सांगितलं नव्हतं. मास्टरांनी डाव्या हातावर जोर दिला. कंबर 'नाही' म्हणाली. उजव्या हातावर दिला. तिने तेच सांगितलं. पाय आखडून बघितले, तर सायकल थोडी पुढे सरकली आणि थांबली. दोन्ही पाळ्या बघत होत्या.

सरलाबाईंनी स्कूटी स्टँडवर लावली. गाठोडं चाचपलं. मग त्या सावकाश पुढे आल्या, मागून नवऱ्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पाळण्यातून पोर काढावं तसं त्यांना एका दमात बाहेर काढून पायांवर उभं केलं. पँटची मागची धूळ झटकली. शर्ट खाली ओढला. डबा हातात दिला.

त्या स्कूटीकडे परत निघाल्या, थांबल्या, आणि वळून, लूमच्या खडखडाटावर मात करणाऱ्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आहो, सांजले उचलाले कव्हय येऊ?"

भिकन मास्टरांनी दोन्ही पाळ्यांकडे पाहिलं.

"सातले," ते म्हणाले.